संकेतस्थळावरील राखीव कागदपत्रे व ब्राउझरची साठवण

देवस्थानांच्या व अन्य सार्वजनिक संस्थांच्या संकेतस्थळांवर दोन प्रकारचा मजकूर असतो. उत्सवांच्या तिथी, सूचना, छायाचित्रे व लेख सर्वांसाठी खुले असतात. सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त, लेखापरीक्षकांचा अहवाल, महाजनांची पत्त्यांसह यादी, देणगीदारांची नोंद असे कागद मात्र परवलीच्या शब्दाआड, म्हणजे पासवर्डने संरक्षित करून, ठेवलेले असतात. या दुसऱ्या प्रकारच्या कागदांविषयी सभासदांच्या मनात साधारणपणे तीन शंका येतात.

१. नवीन अहवाल संकेतस्थळावर ठेवल्याचे कळविले जाते, परंतु उघडून पाहता जुनाच अहवाल दिसतो, असे का?

२. पासवर्ड बदलल्यानंतरही घरच्या संगणकावर तोच कागद काहीही न विचारता उघडतो. मग पासवर्ड बदलून उपयोग काय?

३. सायबर कॅफेत अथवा कार्यालयातील सामाईक संगणकावर पाहिलेला राखीव कागद पुढे त्या संगणकावर बसणाऱ्याला दिसू शकतो का?

तिन्ही शंकांचे मूळ एकच आहे. ते म्हणजे ब्राउझर स्वतःपाशी करीत असलेली साठवण, जिला संगणकाच्या परिभाषेत 'कॅश' म्हणतात. गुप्तदान करणाऱ्या भाविकाने आपले नाव बाहेर जाणार नाही या विश्वासावर दान दिलेले असते. वृद्ध सभासदाने आपला पत्ता व दूरध्वनी क्रमांक संस्थेच्या कामापुरताच दिलेला असतो. हा विश्वास केवळ पासवर्डाच्या चौकटीवर सोपवून चालत नाही, म्हणून ही साठवण कशी चालते हे सविस्तर समजून घेणे आवश्यक आहे.

कॅश म्हणजे काय

येथील 'कॅश' शब्दाचा रोख रकमेशी काहीही संबंध नाही. 'लपविणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून तो इंग्रजीत आला. आपण एखादे पान उघडतो तेव्हा ब्राउझर ते दूरवरच्या सर्व्हरकडून मागवितो व त्याची एक नक्कल आपल्याच संगणकाच्या डिस्कवर ठेवून देतो. पुढील वेळी तोच पत्ता मागितला की सर्व्हरपर्यंत न जाता ती नक्कल दाखविता येते. यामुळे वेळ वाचतो, सर्व्हरवरील भार कमी होतो आणि जोडणी संथ असली तरी काम अडत नाही. ही सोय नसती तर बोधचिन्हासारखे लहानसे चित्रही प्रत्येक पानागणिक नव्याने मागवावे लागले असते. अर्थात कॅश हा दोष नव्हे. खुल्या मजकुरासाठी ती उपकारकच आहे. अडचण येते ती राखीव मजकुराला खुल्या मजकुराचाच न्याय लावला गेल्यास.

पासवर्ड कोण विचारतो व केव्हा

एखादा फोल्डर संरक्षित करण्याची जुनी व आजही प्रचलित असलेली पद्धत 'बेसिक ऑथेंटिकेशन' या नावाने ओळखली जाते. अपाची या सर्व्हरवर '.एचटीअ‍ॅक्सेस' नावाच्या लहानशा फाईलमध्ये काही ओळी लिहून ती अमलात आणता येते. तिचे काम पुढीलप्रमाणे चालते.

ब्राउझर प्रथम नेहमीप्रमाणे फाईल मागतो. सर्व्हर ती न देता ४०१ हा सांकेतिक क्रमांक परत पाठवितो. 'ओळख पटविल्यावाचून मिळणार नाही' असा त्याचा अर्थ. मग ब्राउझर नाव व पासवर्ड विचारणारी चौकट पुढे करतो. आपण भरलेली माहिती 'ऑथरायझेशन' या शीर्षओळीत घालून तो तीच मागणी पुन्हा करतो आणि सर्व्हर फाईल देतो. त्यानंतर त्या फोल्डरमधील प्रत्येक मागणीबरोबर ब्राउझर ही ओळख आपणहून जोडत राहतो व साधारणतः ब्राउझर पूर्ण बंद होईपर्यंत ती लक्षात ठेवतो. या पद्धतीत 'बाहेर पडा' असे बटण मुळातच नाही, हे सभासदांनी विशेषेकरून ध्यानात घ्यावे.

येथे आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. या पद्धतीत पासवर्ड 'बेस-६४' या लिपीत बदलून पाठविला जातो. ते गुप्तलेखन नव्हे. वाटेत तो वाचणाऱ्याला क्षणात उलगडता येतो. म्हणून पत्त्याच्या आरंभी 'एचटीटीपीएस' असल्याखेरीज अशा चौकटीत पासवर्ड भरू नये.

वरील क्रम पाहिला म्हणजे मुख्य मुद्दा स्पष्ट होतो. ब्राउझर केवळ निरोप्या आहे. पासवर्ड बरोबर की चूक याचा निवाडा सर्व्हर करतो. जी मागणी सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही, तिची तपासणीही होत नाही.

ताजी प्रत व शिळी प्रत

साठविलेली नक्कल किती काळ 'ताजी' समजावी, हे सर्व्हरने फाईलबरोबर पाठविलेल्या शीर्षओळींवरून ठरते. 'कॅश-कंट्रोल' या ओळीतील 'मॅक्स-एज' ही आज्ञा मुदत सेकंदांत सांगते. 'एक्स्पायर्स' ही जुनी ओळ मुदतीची तारीख सांगते. मुदत संपेपर्यंत ब्राउझर सर्व्हरला न विचारता नक्कल दाखवू शकतो. मुदत संपली की प्रत शिळी ठरते व सर्व्हरकडे चौकशी करावी लागते. फाईल बदललेली नसल्यास सर्व्हर ३०४ हा क्रमांक पाठवितो, म्हणजे 'तुमच्याकडील प्रतच चालेल' असे कळवितो. बदललेली असल्यास नवीन प्रत पाठवितो. ही चौकशी फाईलच्या शेवटच्या फेरफाराच्या तारखेवरून अथवा 'ईटॅग' या खुणेवरून केली जाते.

सर्व्हरने मुदतीविषयी काहीच सांगितले नसेल तर ब्राउझर स्वतः अंदाज बांधतो. साठवणीचे सध्याचे नियम 'आरएफसी ९१११' या २०२२ सालच्या दस्तऐवजात एकत्र केलेले आहेत. त्यात या अंदाजाचे उदाहरण म्हणून दिलेले प्रमाण असे: फाईल शेवटची बदलल्यापासून जितका काळ गेला, त्याच्या १० टक्के काळ ती ताजी धरावी. समजा, एखादा अहवाल १ एप्रिलला सर्व्हरवर ठेवला गेला व सभासदाने तो १० जुलैला, म्हणजे १०० दिवसांनी उघडला. ब्राउझर ती प्रत १० दिवस ताजी मानेल. १२ जुलैला लेखापरीक्षकांनी सुधारलेला अहवाल त्याच नावाने ठेवला गेला, तर या सभासदास २० जुलैपर्यंत जुनाच अहवाल दिसण्याचा संभव आहे. पहिल्या शंकेचे उत्तर हे होय. सर्व्हरवर नवीन प्रत असते, सभासदही खरेच सांगत असतो, आणि तरीही दोघांसमोरचे आकडे वेगळे असतात. सभेत यावरून वाद होण्यापूर्वी हे माहीत असलेले बरे.

यात आणखी एका कारणाने भर पडते. संकेतस्थळ वेगाने उघडावे म्हणून तयार करणारे तंत्रज्ञ पुष्कळदा संपूर्ण स्थळासाठी 'सर्व पीडीएफ व चित्रे एक महिना ताजी धरावीत' अशी सरसकट आज्ञा लिहून ठेवतात. राखीव फोल्डर त्यातून वगळला नाही, तर तीच महिन्याची मुदत गोपनीय कागदांनाही लागू होते.

कुलूप दप्तरखान्याला, नक्कल घरी

दप्तरखान्याच्या दाराला भक्कम कुलूप आहे. एकजण रीतसर किल्ली घेऊन आत गेला व कागदाची नक्कल करून घरी घेऊन आला. दुसऱ्या दिवशी कुलूप बदलले, म्हणून त्याच्या घरची नक्कल नाहीशी होत नाही. पासवर्ड व कॅश यांचे नाते नेमके असेच आहे. प्रत ताजी असेतो ब्राउझर ती थेट डिस्कवरून उघडतो. पासवर्ड बदलला आहे, किंवा त्या व्यक्तीचे सभासदत्व संपले आहे, हे त्याला कळण्याचा मार्गच नसतो.

सायबर कॅफेतील संगणकाचा धोकाही यातच आहे. सभासद उठून गेला, ब्राउझर बंद केला, तरी साठविलेली प्रत डिस्कवर राहू शकते. नंतर येणाऱ्याने इतिहासाच्या यादीतून तोच पत्ता उघडल्यास पासवर्डाची चौकट पुढे येईलच अशी खात्री देता येत नाही. ब्राउझर उघडाच ठेवला असेल तर 'मागे' जाण्याच्या बाणावर टिचकी मारणेही पुरते.

वाटेतील सामाईक साठे

नक्कल केवळ आपल्या संगणकावरच राहते असे नाही. ब्राउझर व सर्व्हर यांच्या दरम्यान सामाईक साठे असू शकतात. पूर्वी मोठ्या कार्यालयांत व महाविद्यालयांत 'प्रॉक्सी' सर्व्हर हे काम करीत. एचटीटीपीएसमुळे अशा मधल्या प्रॉक्सीला आतील मजकूर सहसा दिसत नाही. परंतु संकेतस्थळाच्या मालकाने स्वतःच नेमलेले वितरण-जाळे, ज्यास 'सीडीएन' म्हणतात, मजकूर उलगडून साठवू शकते. येथील साठा एका व्यक्तीचा नसून सर्वांचा असतो, त्यामुळे चूक झाल्यास तिची व्याप्ती मोठी होते.

नियमकर्त्यांनी याची दक्षता घेतलेली आहे. ज्या मागणीत 'ऑथरायझेशन' ही शीर्षओळ असेल, तिचे उत्तर सामाईक साठ्याने ठेवून घेऊन इतरांना देऊ नये, असा नियम आहे. त्याला अपवाद तीन: सर्व्हरने 'पब्लिक', 'एस-मॅक्सएज' अथवा 'मस्ट-रिव्हॅलिडेट' यांपैकी आज्ञा दिली असेल तर ते ठेवता येते. यातील तिसरे नाव पाहून पुष्कळांची फसगत होते. 'फेरतपासणी अवश्य करा' ही आज्ञा कडक वाटते, म्हणून ती राखीव फोल्डरला लावली जाते. प्रत्यक्षात ती एकटीच लावल्याने सामाईक साठ्याला नक्कल ठेवण्याची मुभा मिळते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हे संरक्षण 'ऑथरायझेशन' ओळीपुरतेच आहे. आजच्या बहुतेक संकेतस्थळांवर पानावरच नाव व पासवर्ड भरण्याचा तक्ता असतो व ओळख 'कुकी'द्वारे पटविली जाते. कुकी असलेल्या मागणीला वरील नियम आपोआप लागू होत नाही. तेथे सर्व्हरने स्पष्ट मनाई करणे हाच उपाय उरतो.

याचे जगभर गाजलेले उदाहरण २५ डिसेंबर २०१५ चे आहे. वाल्व्ह या कंपनीच्या 'स्टीम' या संगणकीय खेळांच्या दुकानावर त्या दिवशी मागण्यांचा भडिमार करणारा हल्ला झाला. भार हलका करण्यासाठी साठवणीचे काम पाहणाऱ्या सहयोगी कंपनीने तातडीने नवीन नियम लागू केले. त्यांतील एका नियमसंचामुळे ओळख पटवून आत आलेल्या ग्राहकांची पानेही सामाईक साठ्यात गेली. सुमारे दीड तास काही ग्राहकांना दुसऱ्याच्याच खात्याची पाने दिसत राहिली. कंपनीच्या निवेदनानुसार सुमारे ३४,००० ग्राहकांची पाने अशा रीतीने इतरांच्या दृष्टीस पडली असण्याची शक्यता होती. काही पानांवर देयकाचा पत्ता, ईमेल व खरेदीचा तपशील होता. कोणाचाही पासवर्ड फुटलेला नव्हता व कोणीही सर्व्हरमध्ये शिरलेले नव्हते. केवळ साठवणीचा नियम चुकला होता.

२०१७ साली ओमर गिल या संशोधकाने याच दुर्बलतेचा हेतुपुरस्सर गैरवापर कसा होऊ शकतो ते दाखवून दिले. एखाद्याच्या खासगी पानाच्या पत्त्यापुढे चित्राच्या किंवा शैलीपत्रकाच्या फाईलसारखे शेपूट जोडावयाचे व तो पत्ता उघडण्यास त्याला प्रवृत्त करावयाचे. काही सर्व्हर शेपटाकडे दुर्लक्ष करून खासगी पानच देतात. मधला साठा मात्र शेपूट पाहून त्यास निरुपद्रवी फाईल समजतो व ठेवून घेतो. मग हल्लेखोर तोच पत्ता उघडून ते पान वाचतो.

सर्व्हरने कोणती आज्ञा द्यावी

संकेतस्थळ सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाशी बोलताना विश्वस्तांना पुढील शब्दांचे अर्थ ठाऊक असावेत.

'नो-स्टोअर' : नक्कल कोठेही साठवू नये. गोपनीय कागदांसाठी ही योग्य आज्ञा होय.

'नो-कॅश' : नावावरून 'साठवू नये' असे वाटते, परंतु अर्थ तसा नाही. साठविण्यास हरकत नाही, मात्र प्रत्येक वेळी सर्व्हरला विचारल्याशिवाय ती प्रत दाखवू नये, असा अर्थ आहे. चौकशी सर्व्हरपर्यंत जात असल्याने पासवर्डही तपासला जातो. जुना अहवाल दिसण्याची तक्रार याने दूर होते. प्रत मात्र डिस्कवर राहते.

'प्रायव्हेट' : सामाईक साठ्याने ठेवू नये. वापरणाऱ्याच्या स्वतःच्या ब्राउझरला ठेवण्याची मोकळीक राहते.

राखीव फोल्डरसाठी 'नो-स्टोअर' पुरेशी आहे. अपाचीवर 'मॉड_हेडर्स' हा भाग कार्यान्वित असल्यास त्याच फोल्डरच्या '.एचटीअ‍ॅक्सेस' फाईलमध्ये एका ओळीत ती देता येते. त्याबरोबर पुढील चार बाबी पाहाव्यात.

१. ही आज्ञा पानाच्या आत 'मेटा' खुणेत लिहून भागत नाही. पीडीएफ फाईलला अशी खूण नसते. आज्ञा सर्व्हरच्या शीर्षओळीतूनच गेली पाहिजे. 'प्रॅग्मा : नो-कॅश' ही जुनी ओळ मुळात ब्राउझरच्या मागणीसाठी होती. सर्व्हरच्या उत्तरात तिला निश्चित अर्थ कधीच दिला गेला नव्हता.

२. आज दिलेली आज्ञा काल साठविलेल्या प्रती पुसत नाही. म्हणून आज्ञा लागू करताना फाईलचे नावही बदलावे. नावात वर्ष व दिनांक घालण्याची सवय ठेवल्यास जुनी प्रत नवीन म्हणून दिसण्याचा प्रश्नच उद्‌भवत नाही.

३. ओळख न पटलेल्यास प्रवेशाच्या पानाकडे वळविताना ३०१ हा 'कायमच्या स्थलांतराचा' क्रमांक वापरू नये. ब्राउझर तो लक्षात ठेवतो, आणि सभासदाने योग्य पासवर्ड भरल्यानंतरही त्यास पुन्हा प्रवेशाच्या पानावर नेऊन सोडतो. तात्पुरत्या वळणासाठी ३०२ अथवा ३०३ हे क्रमांक आहेत.

४. तपासणी स्वतः करावी. संगणकावर एफ-१२ कळ दाबून 'नेटवर्क' विभाग उघडावा, फाईल उघडावी व सर्व्हरच्या उत्तरातील 'कॅश-कंट्रोल' ही ओळ वाचावी. क्रोममध्ये फाईल साठ्यातून आली असल्यास आकाराच्या रकान्यात 'डिस्क कॅश' असा उल्लेख दिसतो.

एक जुना सल्ला, जो आता कालबाह्य आहे

जुन्या मार्गदर्शक पुस्तिकांत 'राखीव पीडीएफवरून नो-स्टोअर व नो-कॅश काढून टाका' असा उलटा सल्ला आढळतो. त्यामागे तेव्हा कारण होते. इंटरनेट एक्स्प्लोररच्या आठव्या आवृत्तीपर्यंत, एचटीटीपीएसवरून या आज्ञांसह आलेली फाईल उघडताना अडचण येई. ब्राउझर फाईल तात्पुरती साठवून अ‍ॅक्रोबॅट किंवा वर्डसारख्या दुसऱ्या प्रोग्रॅमच्या हाती देत असे. साठविण्यास मनाई असल्याने हाती देण्यास फाईलच उरत नसे व 'डाउनलोड करता येत नाही' असा संदेश येई. २०११ साली आलेल्या नवव्या आवृत्तीत हे सुधारले गेले आणि विंडोज १० वरील या ब्राउझरचा आधार मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी थांबविला. तेव्हा त्या काळी काढून टाकलेल्या आज्ञा अजून परत लावल्या गेलेल्या नसतील, तर त्या आता लावाव्यात.

सभासदांनी काय करावे

१. जुना अहवाल दिसत असल्यास कंट्रोल व एफ-५ या कळा एकत्र दाबून फाईल पुन्हा मागवावी. सर्व्हरवरील नवीन प्रत येईल.

२. सामाईक संगणकावर राखीव कागद शक्यतो उघडू नयेत. अगदी निकड असल्यास ब्राउझरची 'खासगी' अथवा 'इन्कॉग्निटो' खिडकी वापरावी व काम संपताच अशा सर्व खिडक्या बंद कराव्यात. त्या बंद होताच त्यांतील साठवण व लक्षात ठेवलेला पासवर्ड टाकून दिला जातो.

३. साध्या खिडकीत कागद उघडला गेला असेल, तर कंट्रोल, शिफ्ट व डिलीट या कळा एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीतून साठविलेल्या फाईली व इतिहास पुसावा आणि ब्राउझर पूर्णपणे बंद करावा.

४. 'पासवर्ड लक्षात ठेवू का?' या प्रश्नास परक्या संगणकावर नेहमी नकार द्यावा.

जे कोणत्याही आज्ञेने साधत नाही

वरील सर्व उपाय ब्राउझरच्या साठवणीपुरते आहेत. सभासदाने फाईल स्वतः डाउनलोड केली तर ती कॅश राहत नाही, त्याच्या संगणकावरील स्वतंत्र प्रत होते. मोबाईलवर तर पीडीएफवर टिचकी मारताच ती पुष्कळदा 'डाउनलोड्स'मध्ये जाऊन बसते. 'नो-स्टोअर' तिला पुसू शकत नाही, आणि ती व्हॉट्सअ‍ॅपवरून पुढे धाडली गेल्यास परत बोलावता येत नाही. सायबर कॅफेत खासगी खिडकी वापरली, तरी डाउनलोड केलेली फाईल खिडकी बंद झाल्यावरही तेथेच राहते. ती आपण आठवणीने काढून टाकावी लागते.

म्हणून विश्वस्तांनी पहिला विचार करावयाचा तो आज्ञेचा नव्हे, तर कागदाचा. सभासदांना हिशेब पाहण्याचा हक्क आहे व तो त्यांना घरबसल्या बजावता यावा, विशेषतः मुंबई-पुण्यास व परदेशी राहणाऱ्यांना, यासाठीच राखीव विभाग असतो. परंतु हिशेब तपासण्यास देणगीदाराचा पत्ता लागत नाही, आणि गुप्तदात्याचे नाव तर मुळीच लागत नाही. असे तपशील संकेतस्थळावर न चढविता कार्यालयातील नोंदवहीतच ठेवावेत. जो कागद सर्व्हरवर गेलाच नाही, त्याची नक्कल कोणत्याही साठ्यात सापडणार नाही. बाकीच्या कागदांसाठी योग्य आज्ञा, दिनांकासह नाव आणि सभासदांची दक्षता या तीन गोष्टी पुरेशा आहेत.